चेंडूपासून टोपड्यापर्यंत



वैशाखाच्या दिवसांत, परभणीसारख्या गावी, पारा चाळिशी ओलांडून पुढे निघालेला असताना, विणकामावर व्याख्यान द्यायला उभे राहणे हे धाडसच म्हटले पाहिजे. विषय जाहीर झाला तेव्हा एका गृहस्थांनी मला रस्त्यात थांबवून सांगितले, ‘बाई, लोकर आणणार असाल तर सोबत पंखेही आणा!’ मी म्हटले, ‘लोकर आणणारच नाही. मी आपल्या जिल्ह्याचा कापूस आणणार आहे.’ ते हसले आणि ‘येतो’ म्हणाले. आले असतील तर त्यांनी पुढच्या रांगेत बसावे, कारण मधूनमधून मला हातात वस्तू घेऊन दाखवावी लागणार आहे.

ज्या गावाचा उन्हाळा आपण अभिमानाने सांगतो त्याच गावाची थंडीही काही कमी नाही. डिसेंबर-जानेवारीत येथल्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. अशा रात्री जन्मलेल्या मुलाच्या डोक्यावर टोपडे लागते. म्हणजे विषय ऋतूला सोडून असला तरी गावाला सोडून नाही.

मला आज खरे म्हणजे एकच गोष्ट सांगायची आहे. विणकाम ही सपाट कापडाची कला आहे असा आपला समज आहे, आणि तो चुकीचा आहे. विणकाम ही मुळात आकाराची कला आहे. म्हणून नवशिक्याने तिचा श्रीगणेशा लांबलचक पट्टीने करू नये. चेंडू, डबी, टोपडे अशा एखाद्या लहानशा पोकळ आकाराने करावा.

आपल्याकडे रीत उलटी आहे. विणकाम शिकायचे म्हटले की पहिल्या दिवशी हातात दोन सुया येतात आणि हुकूम होतो : ‘मफलर कर.’ मीही तसाच केला. सुईवर चाळीस टाके घातले आणि सुलट विणत सुटले. वीतभर झाल्यावर मफलर मध्येच फुगू लागला. मोजले तर टाके सत्तेचाळीस! कुठे धागा चुकून सुईवर आडवा पडला होता, कुठे एका टाक्यात दोनदा सुई गेली होती. शिकवणाऱ्या बाईंनी ते सारे उसवले. पुन्हा घातले, पुन्हा फुगले. तिसऱ्या खेपेस टाके एकोणचाळीस झाले आणि मफलर अरुंद झाला. तो मफलर कुणाच्याही गळ्यात पडला नाही. पुष्कळ वर्षांनी ध्यानात आले की त्या दिवशी माझ्या हातून जी चूक होत होती तीच या विद्येची गुरुकिल्ली होती. टाके वाढले की विणकाम फुगते, घटले की आवळते. हे जाणूनबुजून करता येऊ लागले की माणूस विणकर झाला. मफलरात ही शक्ती चूक ठरते आणि चेंडूत ती कामाला येते. मग नवशिक्याला आधी मफलर का द्यावा?

हे तत्त्व आपल्या मुलखाला नवीन आहे असे मात्र समजू नका. येथे बसलेल्यांपैकी निम्म्यांची शेती असेल. कोळपणीच्या वेळी बैलाने उभ्या पिकात तोंड घालू नये म्हणून त्याच्या तोंडाला मुसके बांधतात. आता बाजारात नायलॉनचे तयार मिळते; पण पूर्वी घरचा कर्ता पुरुष अंबाडीच्या वाखाची दोरी वळून मुसके स्वतः करी. त्याची रीत आठवा. तळाशी चार-पाच फासे, मग प्रत्येक फासात नवा फासा अडकवीत गोल फिरायचे, तळ रुंद व्हावा म्हणून फासे वाढवायचे, आणि बैलाच्या तोंडाएवढी रुंदी झाली की वाढवणे थांबवून तेवढ्याच फाशांवर भिंत चढवायची. कात्री नाही, शिवण नाही, कागदावरचा नमुना नाही. दोरीतून थेट वाटीसारखा आकार उभा राहिला. दुधादह्याचे मडके टांगायचे शिंके याच जातीचे. मुसके करणाऱ्या शेतकऱ्याला कुणी ‘आपण विणकाम करता काय?’ असे विचारले असते तर तो रागावला असता, कारण विणकाम बायकांचे अशी समजूत. पण पाया तोच आहे.

आणि इतिहासही हेच सांगतो. इजिप्तमध्ये तिसऱ्या ते पाचव्या शतकांतले लोकरी पायमोजे सापडले आहेत. ते दोन सुयांवरचे नव्हेत. एकाच बोथट सुईने फाशात फासा ओवून केलेले आहेत, म्हणजे आपल्या मुसक्याचे चुलतभाऊ. गंमत अशी, की त्यांचा अंगठा वेगळा काढलेला आहे, कारण मोज्यावर चप्पल घालायची होती. पुढे त्याच देशात, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांतले, आपण आज ज्याला सुयांवरचे विणकाम म्हणतो तसे विणलेले मोजे मिळतात. सुयांवरच्या विणकामाचे जे जुन्यांतले जुने नमुने जगाला ठाऊक आहेत त्यांत हे मोडतात. ते कशाचे आहेत? लोकरीचे नाहीत, सुताचे आहेत, पांढऱ्या आणि निळीत रंगवलेल्या सुताचे. बोटांच्या टोकाशी थोड्या टाक्यांनी सुरुवात करून, पायाप्रमाणे वाढवीत नेलेले. म्हणजे या कलेच्या आरंभीच आपल्याला सपाट रुमाल भेटत नाही. पाऊल मावेल असा पोकळ आकार भेटतो. पुढे 1589 साली इंग्लंडात विल्यम ली याने विणकामाचे पहिले यंत्र केले, तेही मोज्यांसाठीच.

सेलू-मानवतच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग पाहिलेल्या माणसांना ही सुताची गोष्ट सांगताना मला विशेष आनंद होतो. नांदेड-परभणीकडच्या गावरानी कापसाचे नाव एके काळी गिरण्यांत आदराने घेतले जाई. आपण मात्र विणकाम म्हटले की परप्रांतातून आलेली लोकर डोळ्यांपुढे आणतो.

आता मागावरचे कापड आणि हे विणकाम यांतला फरक थोडक्यात पाहू. मागावर उभे धागे ताणलेले असतात, आडवा धागा त्यांतून जातो, सगळे सरळ रेषांत. असे कापड चेंडूवर पसरून पाहा. सुरकुत्या पडल्याशिवाय राहणार नाहीत. म्हणून शिंपी कापतो, कळ्या काढतो, चुण्या घालतो आणि शिवतो. विणकामात धागा सरळ कुठेच नाही. तो एकामागून एक फासे घेत वळणावळणाने जातो. प्रत्येक फासा थोडा ताणतो, थोडा आखडतो. शिवाय फाशांची संख्या आपल्या हातात असते. शिंप्याला जे कात्रीने साधावे लागते ते विणणाऱ्याला मोजणीने साधते. मला शिंप्यांविषयी पूर्ण आदर आहे. पण चूक झाली तर त्यांचे कापड वाया जाते, माझा धागा उसवून पुन्हा गुंड्यात जातो. नवशिक्याला याहून मोठा दिलासा कोणता?

तर सुरुवात करू. साधने फार नाहीत : आठ नंबरच्या दोन सुया, मध्यम जाडीचा सुती धागा, आणि शिवायला बोथट टोकाची मोठी सुई. दुकानात एक गोष्ट ध्यानात ठेवा, सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते. माझी एक विद्यार्थिनी जाड सुया हव्यात म्हणून चौदा नंबरच्या घेऊन आली आणि तारेसारख्या त्या सुया पाहून रडकुंडीला आली. धागा फिकट रंगाचा घ्या. काळ्या धाग्यावर टाका दिसत नाही आणि नवशिक्याला टाका दिसणे हेच शिक्षण.

पहिला आकार डबीचा, म्हणजे घनाचा. त्यावर मी फार वेळ घालवत नाही. सगळ्या ओळी सुलट विणल्या की कापडावर आडव्या कण्या उठतात. दोन ओळींची एक कणी. या विणीत एका कणीची उंची साधारण एका टाक्याच्या रुंदीएवढी भरते. म्हणून वीस टाके आणि चाळीस ओळी विणल्या की चौकोन समभुज होतो. असे सहा चौकोन जोडले की घन. लहान मुलांसाठी ठोकळे छान होतात, पण सहा तुकडे शिवायचे म्हणजे पुन्हा शिंप्याचाच मार्ग.

दुसरा आकार चेंडू. येथे मी थोडी रेंगाळणार आहे. सुईवर वीसच टाके घाला आणि सुलट विणत ऐंशी ओळी करा. टाके वाढवायचे नाहीत, घटवायचे नाहीत. आपल्या हाती एक पट्टी आली, रुंदीच्या दुप्पट लांब. आता पट्टीची सुरुवातीची आणि शेवटची कड एकमेकींना जोडून शिवा. एक नळी झाली. नळीच्या दोन्ही उघड्या तोंडांच्या कडांतून धागा ओवा. एक तोंड थैलीसारखे आवळून गाठ मारा, आत कापूस भरा, दुसरे तोंड आवळा. हा पाहा चेंडू. जवळजवळ टेनिसच्या चेंडूएवढा.

लांबी दुप्पटच का? याचे उत्तर भूगोलाच्या पुस्तकात आहे. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर सुमारे 40,000 किलोमीटर. उत्तर ध्रुवापासून जमिनीवरून चालत दक्षिण ध्रुवापर्यंत गेलो तर अंतर सुमारे 20,000. घेर दोन आणि ध्रुवाध्रुवांतले अंतर एक, असे प्रत्येक गोलाचे प्रमाण असते. आपली पट्टी त्याच प्रमाणात आहे. दोन सेंटिमीटरला चार टाके बसत असतील तर वीस टाक्यांचे दहा सेंटिमीटर हे ध्रुवाध्रुवांतले अंतर, आणि ऐंशी ओळींचे वीस सेंटिमीटर हा घेर. मोठा चेंडू हवा असेल तर तीस टाके आणि एकशे वीस ओळी. आठवीतल्या मुलाला गोलाचे गणित फळ्यावर कळत नसेल तर त्याच्या हाती हा चेंडू द्या. मुलाच्या हाती म्हणते आहे, केवळ मुलीच्या नव्हे.

आता दोष सांगते. या चेंडूच्या दोन्ही ध्रुवांवर चुण्या गोळा होतात. का? मधल्या भागाला जेवढे कापड लागते तेवढेच आपण ध्रुवांनाही दिले, आणि ध्रुवांना ते नको आहे. यावरचा उपाय संत्र्याने सांगितला आहे. संत्र्याची फोड मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना निमुळती असते. तशीच फोड विणायची. ओळ पूर्ण टोकापर्यंत न्यायची नाही; दोन टाके राखून तेथूनच मागे फिरायचे, दुसऱ्या टोकालाही तसेच, पुढच्या खेपेस आणखी दोन राखून. मध्ये ओळी जास्त, टोकांना कमी. मग एक पूर्ण ओळ विणली की एक फोड संपली आणि दुसरी सुरू झाली. वळताना लहानशी भोके राहतात, ती पहिल्या चेंडूत दिसू द्या. मोज्याची टाच याच युक्तीने वळते. आपल्या पायाला जिथे काटकोन आहे तिथे कापडाला काटकोन हवा, आणि तो असा अर्ध्या वाटेवरून मागे फिरून मिळतो.

आता टोपडे. येथे चुकीची किंमत थोडी जास्त असते, कारण ते खऱ्या डोक्यावर बसायचे असते. नवजात बालकाच्या शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे पाचवा भाग डोक्याचा असतो. मोठ्या माणसाच्या मानाने हे प्रमाण पुष्कळ जास्त. म्हणून बाळाची ऊब डोक्यावाटे झपाट्याने जाते. बाळ कमी वजनाचे असेल तर हा प्रश्न अधिकच गंभीर. आईच्या छातीशी उघड्या अंगाने बाळाला ठेवण्याची जी पद्धत दवाखान्यांतून शिकवतात, तिच्यातही बाळाच्या डोक्यावर टोपडे असावे असे सांगतात. आपल्या आज्या कुंची बांधत त्याला आधार होता तर!

पुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 34-35 सेंटिमीटर असतो. विणलेले कापड ताणते, म्हणून टोपडे 32 सेंटिमीटरचे करू. आधी एक लहान तुकडा विणून मोजा : एक ओळ सुलट, एक उलट या विणीत माझ्या हाताने दहा सेंटिमीटरला 20 टाके आणि 28 ओळी बसतात. तुमच्या हाताने वेगळे बसतील. पुस्तकातल्या आकड्यांपेक्षा स्वतःच्या हातावर विश्वास ठेवावा. माझ्या हिशेबाने 32 सेंटिमीटरला 64 टाके. दहा सेंटिमीटर उंचीपर्यंत सरळ विणा, हा झाला नळीचा भाग. मग घट सुरू. सहा टाके विणून पुढचे दोन एकत्र विणा, असे ओळभर. 64 चे 56 झाले. एक ओळ साधी. मग पाच विणून दोन एकत्र, 48. असे आठ-आठ घटवीत शेवटी आठ टाके उरले की त्यांतून धागा ओवून आवळायचे, आणि मागची कड शिवायची.

मी पहिले टोपडे अगदी असेच केले. एका नातेवाइकांच्या घरी बारशाला मोठ्या तोऱ्याने नेले. बाळाच्या डोक्यावर घातले आणि सगळे हसू लागले. टोपड्याचा माथा सपाट होता. पेढ्यांच्या डब्याचे झाकण बाळाच्या डोक्यावर बसवावे तसे ते दिसत होते. मी घरी येऊन हिशेब केला. दर दुसऱ्या ओळीला आठ टाके घटवले की 64 टाके संपायला चौदा ओळी लागतात, म्हणजे पाच सेंटिमीटर. आणि 32 सेंटिमीटर घेराच्या सपाट वर्तुळाची त्रिज्याही पाचच सेंटिमीटर भरते! मी घुमट विणते आहे असे समजून चकती विणत होते. घुमटाला, म्हणजे अर्धगोलाला, कडेपासून माथ्यापर्यंत घेराचा चौथा भाग लागतो, आठ सेंटिमीटर. हे तीन सेंटिमीटर मी आणायचे कुठून? सोपे आहे. पहिल्या चार घटांनंतर एकेक साधी ओळ न विणता तीन-तीन साध्या ओळी विणायच्या, आणि शेवटच्या तीन घटांनंतरच एकेक. बावीस ओळी झाल्या, आठ सेंटिमीटर झाले. हे दुसरे टोपडे पाहा. आणि हे जुने, झाकणाचे. मी ते मुद्दाम परत मागून घेतले. शिकवायला त्याच्यासारखी वस्तू नाही.

एक सूचना, आणि ती मी आवाज चढवून देते. बाळाच्या मोज्यांत किंवा हातमोज्यांत आतल्या बाजूला धाग्याची मोकळी टोके, लांब फासे ठेवू नका. असा धागा बाळाच्या बोटाभोवती आवळला जाऊन बोटाचा रक्तपुरवठा बंद पडल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत. बाळाला ते सांगता येत नाही. टोपड्यावर मणी आणि बटणेही नकोत. ती तोंडात जातात.

सपाट चकतीचा विषय निघालाच आहे, तर क्रोशाकडे वळू. क्रोशाचा सगळ्यांत ठेंगणा टाका जवळजवळ जेवढा रुंद तेवढाच उंच असतो. सहा टाक्यांनी सुरुवात करून दर फेरीला सहा टाके वाढवले की चकती ताटासारखी सपाट राहते. वर्तुळाची त्रिज्या एकाने वाढली की परीघ सव्वासहाने वाढतो, तेच हे सहा. वाढवणे थांबवले की कड उभी राहते आणि वाटी होते. पुन्हा फेरीला सहा-सहा घटवले की वाटी मिटून गोळा होतो. खांबाची वीण दुप्पट उंच, म्हणून तिला दर फेरीला बारा. एवढे ध्यानात असले तर नमुन्याचे पुस्तक न उघडता फळे, भाज्या, बाहुल्या, काय वाटेल ते घडवता येते. आपल्याकडे डोक्यावर हंडा घेताना ठेवतात ती चुंबळसुद्धा विणता येते. लांब नळी विणून दोन तोंडे जोडली की झाले.

आणि सहाऐवजी बारा वाढवले, पुढच्या फेरीत चोवीस वाढवले, तर? चकतीत मावत नाही इतका परीघ झाला की ती झालरीसारखी लाटा घेऊ लागते. नवशिक्या रडतो आणि उसवतो. पण 1997 साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डायना तैमिना नावाच्या, मूळच्या लाटव्हियाच्या, गणितज्ञ बाईंनी हीच झालर मुद्दाम विणली. गणितात एक अशी भूमिती आहे, की तिच्यात दिलेल्या रेषेला बाहेरच्या एका बिंदूतून अनेक समांतर रेषा काढता येतात. त्या भूमितीचे पृष्ठ हाताळता येईल असे दाखवायला कागदाच्या पट्ट्या चिकटवून नमुने करीत, ते फाटत. तैमिनाबाईंनी दर काही टाक्यांनंतर एक टाका वाढवण्याचा नियम शेवटपर्यंत पाळला आणि ते पृष्ठ क्रोशाने करून वर्गात विद्यार्थ्यांच्या हाती दिले. विद्वानांनी शतकभर कागदावर मांडलेली गोष्ट एका बाईने मांडीवर घेऊन केली. यावर मी अधिक भाष्य करीत नाही.

शेवटची गोष्ट सांगावी की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. सभेत पुरुषमंडळी आहेत, लहान मुले आहेत. पण न सांगणे मला बरे वाटेना. आपल्या देशातल्या स्त्रियांमध्ये आज सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. पुष्कळ जणींना शस्त्रक्रियेत स्तन गमवावा लागतो. आजारातून उठलेली ती बाई पुढे वर्षानुवर्षे पदर सावरत, माणसे टाळत राहते. बाजारात सिलिकोनचा तयार आकार मिळतो. तो महाग असतो, जड असतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याच्याखाली घाम साचून जीव नकोसा होतो. कॅनडातील बेरिल त्सांग यांनी 2005 साली विणलेल्या स्तनाकाराचा नमुना प्रसिद्ध केला. पुढे अमेरिकेत बार्बरा डेमोरेस्ट यांनी, 2011 मध्ये स्वतःवर ही शस्त्रक्रिया झाल्यावर, असे आकार विणून गरजू बायकांना फुकट देण्याची चळवळच उभारली. मुंबईत ‘निटेड नॉकर्स इंडिया’ या नावाने स्त्रियांचा एक गट तेच काम मऊ सुती धाग्याने करतो आणि पैसे घेत नाही.

हा आकार कोणता? एका टोकाशी थोडे टाके, फेरीगणिक वाढ, मग वाढ बंद, आणि मागची बाजू सपाट मिटवलेली. म्हणजे आत्ता आपण टोपड्यात आणि चकतीत जे पाहिले तेच, टोपडे उलटे धरून. नवशिक्या बाई महिनाभराच्या सरावाने तो करू शकते. आत कापूस मात्र भरू नये, धुतल्यावर त्याचे गोळे होतात. उशीत भरतात तसा कृत्रिम तंतू भरावा, आणि तो कमीजास्त करता यावा म्हणून मागे लहान तोंड ठेवावे. धाग्याला राठपणा नको, गाठी त्वचेच्या बाजूला नकोत. आणि जखम भरल्यावर, डॉक्टरांना विचारूनच तो वापरावा. येथील एका ओळखीच्या बाईंसाठी मी पहिला आकार केला तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत. आठ दिवसांनी निरोप आला : ‘दुसऱ्या रंगात आणखी एक द्या, धुवायला टाकला की अडचण होते.’

सुताविषयी दोन शब्द सांगते आणि आटोपते घेते. सुती धागा लोकरीसारखा ताणत नाही आणि ताणला तर पुन्हा आखडत नाही. म्हणून सुती टोपडे मापाला चोख लागते. एक-दोन सेंटिमीटर लोकर सांभाळून घेते, सूत घेत नाही. धुतल्यावर ते वाळायला वेळ लागतो, म्हणून थंडीत दोन हवीत. टोचत नाही, कसर लागत नाही, उकळत्या पाण्यात धुता येते, हे त्याचे गुण.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेले मला दिसले आहे. दाराशी टेबलावर दोन्ही चेंडू, दोन्ही टोपडी आणि एक झालर ठेवली आहे. जाताना हाताळून पाहा. साध्या चेंडूची शिवण मी मुद्दाम कच्ची ठेवली आहे. कुणाला तो उसवून परत करून पाहायचा असेल तर खुशाल करावा, सुया शेजारीच आहेत आणि कापूस पिशवीत आहे.